रोइंग स्टुडिओ आपल्याला मानवेल का? पैसे भरण्याआधी हे करून पाहा

छोटासा हॉल, मंद दिवे, दणदणीत गाणी आणि ओळीने मांडलेली दहा-पंधरा रोइंग मशीन, म्हणजे सरकत्या सीटवर बसून होडी वल्हवल्यासारखा व्यायाम करायची यंत्रं. समोर ट्रेनर ताल धरतोय आणि सगळे एका लयीत हँडल ओढताहेत. हे दृश्य बघून तिथल्या तिथे पॅकेज घ्यावंसं वाटतं. मला वाटलं होतं, आणि मी घेतलंही. तिसऱ्या आठवड्यात कंबर धरली तेव्हा लक्षात आलं, की इतक्या दिवसांत माझा स्ट्रोक, म्हणजे हँडल ओढून परत पुढे येण्याची एक फेरी, कुणी एकदाही नीट पाहिला नव्हता.

मशीन साध्या जिममध्येही असतं. स्टुडिओत जास्तीचे पैसे द्यायचे ते आपल्यावर लक्ष ठेवणाऱ्या माणसासाठी. ते लक्ष मिळतंय का, हे तपासूनच निर्णय घ्या.

१. आधी तब्येतीचा विचार

रोइंगमध्ये पाय जमिनीवर आपटत नाहीत, त्यामुळे धावताना बसतात तसे हादरे बसत नाहीत. पण गुडघे चांगलेच दुमडतात आणि पाठीच्या खालच्या भागावर ताण येतो. स्लिप डिस्क, हर्निया, हृदयविकार, आटोक्यात नसलेला रक्तदाब, नुकतंच झालेलं ऑपरेशन किंवा गरोदरपण असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ट्रायलसुद्धा नको. आणखी एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही: मशीनची सीट बरीच खाली असते. कॉन्सेप्ट टू कंपनीच्या नेहमीच्या मशीनची सीट जमिनीपासून जेमतेम ३५ सेंटिमीटरवर येते. खाली बसून उठताना गुडघे कुरकुरत असतील, तर उंच पायांचं मशीन आहे का ते विचारा. त्याची सीट सुमारे ५० सेंटिमीटरवर असते.

२. स्ट्रोक समजून घ्या

याला अर्धा तास द्या. चांगला ट्रेनर ओळखायचा तर बरोबर स्ट्रोक कसा दिसतो हे आपल्यालाही ठाऊक हवं.

बघणाऱ्याला रोइंग हातांचा व्यायाम वाटतो, पण मुख्य जोर पायांचा असतो. ओढताना क्रम असा: आधी पाय रेटायचे, ते सरळ होत आले की कमरेपासून धड किंचित मागे, आणि सगळ्यात शेवटी हात छातीच्या खालच्या बाजूला. परतताना नेमकं उलट: हात, धड, मग पाय. ओढायला एक मात्रा, परतायला दोन.

नवशिक्यांच्या दोन चुका हमखास दिसतात. पहिली परततानाची. हात पुढे जाण्याआधीच गुडघे वर येतात आणि हँडल त्यांच्यावरून उचलून न्यावं लागतं. दुसरी जास्त त्रासदायक: पाय रेटल्यावर सीट झपकन मागे सरकते, पण हँडल जागच्या जागी राहतं. मग ते खेचायचं सगळं काम कमरेवर पडतं. माझी चूक हीच होती. पायांचा पट्टा कुठे बांधायचा तेही बघून ठेवा. तो पावलाच्या सर्वांत रुंद भागावरून जायला हवा.

हवेवर चालणाऱ्या मशीनच्या बाजूला १ ते १० आकड्यांची खिट्टी असते, तिला डॅम्पर म्हणतात. दहावर ठेवलं की व्यायाम जास्त होतो, हा गैरसमज आहे. डॅम्पर सायकलच्या गिअरसारखा असतो. हँडल ओढल्यावर फिरणाऱ्या चाकाच्या पेटीत किती हवा शिरेल एवढंच तो ठरवतो. जोर किती लावायचा ते आपल्या हातात, खरं तर पायात. बहुतेकांना ३ ते ५ पुरतो.

३. ट्रायलला पंधरा मिनिटं आधी जा

ट्रेनरला सांगा, की तुम्ही नवीन आहात. मग तो काय करतो ते बघा. त्याने तुम्हाला मशीनवर बसवलं, पट्टा तपासला, दहा-बारा स्ट्रोक सावकाश मारायला लावले आणि एखादी चूक नेमकी दाखवली, तर जागा चांगली. ‘बाजूच्याचं बघून करा, जमेल’ म्हणाला, तर मनातल्या मनात फुली मारा.

क्लास सुरू झाल्यावर तो मशीनच्या मधून फिरतो, की पूर्ण वेळ स्वतःच्याच मशीनवर बसून माइकवर ओरडतो? दमल्यावर लोकांच्या पाठी वाकायला लागतात. तेव्हा तो वेग कमी करायला सांगतो का? एका क्लासमध्ये किती जण आहेत तेही मोजा. पंचवीस जणांमागे एकच ट्रेनर असेल, तर तुमच्या वाट्याला कितीसं लक्ष येणार?

काही ठिकाणी सगळ्यांचे आकडे भिंतीवरच्या पडद्यावर झळकतात. कुणाला त्याने हुरूप येतो, कुणाचं मन खट्टू होतं. तुमचं काय होतं ते प्रामाणिकपणे बघा. एक हिशेब ध्यानात ठेवा: ५०० मीटरला अडीच मिनिटं लागत असतील तर साधारण १०४ वॉट ताकद लागते, आणि तेच अंतर दोन मिनिटांत कापायला सुमारे २०३, म्हणजे जवळजवळ दुप्पट. शेजारचा तीस सेकंदांनी पुढे असेल, तर पहिल्याच महिन्यात त्याला गाठायला जाऊ नका.

४. दुसऱ्या दिवशी सकाळी

बिछान्यातून उठताना कुठे दुखतंय? मांड्या, नितंब, पाठीचा वरचा भाग भरून आला असेल तर ठीक, दोन-तीन दिवसांत उतरेल. कंबर धरली असेल, तर स्ट्रोक चुकलाय किंवा कुणी तो बघितलेला नाही. कळ पायात उतरत असेल तर पुन्हा मशीनवर बसण्याआधी डॉक्टरांकडे जा.

५. खिशाचा हिशेब

बारा क्लासच्या पॅकेजला बाराने भागू नका. तुम्ही खरोखर किती वेळा पोचाल? सात वेळा, तर सातने भागा. पॅकेजची मुदत कधी संपते, क्लास किती तास आधी रद्द केला तर वाया जात नाही, आजारपणात मुदत वाढते का, हे तिन्ही लेखी मागून घ्या.

६. एकट्याने करून बघा

जवळच्या कुठल्याही जिममध्ये हे मशीन असेल, तर तीन आठवडे, आठवड्यातून दोनदा, वीस मिनिटं एकट्याने रोइंग करा. लय लागली आणि वीस मिनिटं सहज सरली, तर स्टुडिओ कशाला? एखाद्या जाणकाराकडून दोन-चार वेळा स्ट्रोक तपासून घ्या, तेवढं पुरे. पण पाचव्या मिनिटापासून नजर घड्याळाकडे जात असेल आणि ट्रायलमध्ये मात्र पाऊण तास कसा गेला ते कळलंच नसेल, तर खुशाल नाव नोंदवा. फक्त आधी दुसऱ्या ट्रेनरचाही एक क्लास करा, आणि सुरुवात सगळ्यात लहान पॅकेजने करा.