विलायती, फिरंगी, टोपीकर: जुन्या शब्दाचं मूळ कसं शोधायचं

विलायती म्हणजे इंग्लंडचं, एवढं सगळ्यांना माहीत असतं आणि तिथंच सगळे थांबतात. पण भावांनो शब्द नीट शोधायचा असेल तर पहिल्यांदा डिक्शनरी उघडूच नका, लोक तो शब्द कशाकशाला लावतात ते आधी गोळा करा. उन्हाळ्यात कोल्हापुरात गाड्यावर विलायती चिंचा दिसतात त्या घ्या, माळावरची विलायती बाभूळ घ्या, रस्त्याकडेचा विलायती शिरीष म्हणजे तो भलामोठा रेन ट्री घ्या. आता प्रत्येकाचं मूळ गाव बघा. तिन्ही झाडं अमेरिका खंडातली! विलायती चिंच तर स्पॅनिश लोकांनी मेक्सिकोतनं फिलिपाईन्सला नेली आणि तिथनं ती आशियात पसरली, इंग्लंडचा संबंधच नाही. म्हणजे इथं विलायती याचा अर्थ फक्त 'बाहेरनं आलेलं' एवढाच राहिलाय.

मग शब्दकोश. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश शिकागो विद्यापीठाच्या साइटवर फुकट आहे, त्याची दुसरी आवृत्ती 1857 ची, आणि बृहद्कोश या साइटवर बरेच मराठी कोश एकदम शोधता येतात. शोधताना शेवटची ई काढून 'विलायत' टाका, विशेषणापेक्षा नामाखाली जास्त माहिती मिळते. मोल्सवर्थमध्ये शब्दाशेजारी कंसात एखादं अक्षर असतं, ते बरेच जण बघतच नाहीत, पण शब्द संस्कृत, फारसी की अरबी हे त्यावरनंच कळतं. फारसी-अरबी निघाला तर माधव जूलियनांचा 1925 चा फार्शी-मराठी कोश बघायचा. हे कवी जूलियन म्हणजे आपल्या कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजातले प्राध्यापक बरं का, त्यामुळं करवीर नगर वाचन मंदिरासारख्या जुन्या लायब्ररीत विचारून बघायला हरकत नाही.

विलायत अरबी आहे आणि अरबी शब्दाची एक भारी गंमत असते, स्वर बाजूला ठेवायचे आणि व्यंजनं धरायची. इथं व-ल-य. जवळ असणं, सांभाळणं, ताबा असणं असा त्याचा भाव. वाली म्हणजे कारभार बघणारा, सुभेदार, आणि त्याच्या ताब्यातला मुलूख ती विलायत, तुर्कस्तानच्या उस्मानी राज्यात प्रांताला हाच शब्द होता. आता आपण म्हणतो ना 'त्याला कुणी वाली नाही', तो वाली हाच. वली म्हणजे देवाच्या जवळचा माणूस, त्याचं अनेकवचन औलिया, त्याचाच आपला अवलिया, आणि मौलवीसुद्धा याच घरातला. मला तर शोधाशोधीत हाच भाग सगळ्यात आवडतो, एक शब्द काढायला जावं तर अख्खं खानदान बाहेर येतं.

मग प्रवास जुळवायचा. साधा 'प्रांत' हा अर्थ, मग मोगलाईत इराण-तुराणकडनं आलेले लोक तिकडच्या मुलखाला विलायत म्हणायला लागले, आणि पुढं इंग्रजांच्या काळात तोच शब्द युरोपला, खास करून इंग्लंडला चिकटला. इथले गोरे सोल्जर तो ऐकून आपल्याच देशाला 'ब्लायटी' म्हणायला लागले, पहिल्या महायुद्धात तर हा शब्द फारच चालला.

एक खबरदारी, जुन्या कागदात शब्द सापडला की आजचा अर्थ त्यात घुसडायचा नाही. रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र, म्हणजे राज्यकारभार कसा करावा ते सांगणारा ग्रंथ, करवीरच्या म्हणजे कोल्हापूरच्या दुसऱ्या संभाजीराजांच्या काळातलं, साधारण 1715 च्या सुमाराचं. त्यात फिरंगी, इंग्रज, वलंदेज, फरासीस आणि डिंगमार अशी वेगवेगळी नावं आहेत आणि सगळ्यांना मिळून टोपीकर म्हटलंय. फिरंगी म्हणजे तिथं फक्त पोर्तुगीज! वलंदेज म्हणजे डच, फरासीस म्हणजे फ्रेंच, डिंगमार म्हणजे डेन्मार्कवाले. आज आपण कुठल्याही गोऱ्याला फिरंगी म्हणतो, तो अर्थ त्या कागदाला लावला की सगळा घोळ.

आणि ऐकीव व्युत्पत्तीपासून लांब राहा. फिरंगी म्हणजे 'फिरत आलेला', नाहीतर 'रंग फिरलेला' असं कुणीतरी ठोकून देतंच. खरं मूळ फ्रँक, म्हणजे आजच्या फ्रान्सला ज्यांच्यावरनं नाव पडलं ते लोक. अरबांनी त्यांना इफ्रंज म्हटलं, क्रुसेडच्या, म्हणजे ख्रिस्ती-मुसलमान धर्मयुद्धांच्या, लढायांत तर पश्चिमेकडनं आलेल्या सगळ्यांनाच ते नाव पडलं, फारसीत फरंग झालं आणि तिथनं आपल्याकडं. रंग फिरलेला म्हणणाऱ्याला एवढंच विचारा, मग अरबीत इफ्रंज कुठनं आलं, क्रुसेडच्या वेळी तिथं मराठी कोण बोलत होतं लगा?