एम.एस्सी.च्या प्रकल्पात जनुक क्लोन करताना: आराखडा आणि कंट्रोल प्लेट

ठाणे आणि नवी मुंबईतील महाविद्यालयांत जैवतंत्रज्ञान शिकणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांना शेवटच्या सत्रात एखादे जनुक क्लोन करण्याचा, म्हणजे ते दुसऱ्या डीएनएत जोडून जिवाणूत वाढवण्याचा, प्रकल्प मिळतो, आणि हाती असलेल्या मोजक्या महिन्यांतील बराच काळ रिकाम्या प्लेट पाहण्यात निघून जातो. हा काळ दोन ठिकाणी वाचवता येतो, असे माझे ठाम मत आहे: एन्झाइमची नळी उघडण्यापूर्वी संगणकावर तयार केलेल्या नकाशात, आणि प्रत्येक प्रयोगासोबत तुलनेसाठी लावलेल्या कंट्रोल प्लेटमध्ये. पुढील मार्गदर्शनात म्हणूनच या दोन्हींना अधिक जागा दिली आहे.

उदाहरणासाठी बॅसिलस सबटिलिस या जिवाणूचे अमायलेज जनुक घेऊ, जे सुमारे 2,000 बेस (डीएनएची अक्षरे) लांबीचे आहे, आणि ते पीयूसी19 या 2,686 बेसच्या प्लाझ्मिडमध्ये (जिवाणूतील छोट्या वर्तुळाकार डीएनएमध्ये) बसवायचे आहे असे मानू. जिवाणू खाडीच्या चिखलातून वेगळा करायचा असेल, तर जागा आधी तपासावी. ठाणे खाडीतील फ्लेमिंगो अभयारण्य 2022 पासून रामसर स्थळांच्या (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या) यादीत आहे आणि त्याच्या हद्दीतून चिखलाचा छोटा नमुनाही वन विभागाच्या लेखी परवानगीशिवाय उचलू नये. तसेच, पुनर्संयोजित डीएनएचे कोणतेही काम सुरू करण्यापूर्वी संस्थेच्या जैवसुरक्षा समितीला मार्गदर्शक प्राध्यापकांमार्फत लेखी कळवावे. हा कागद पहिल्याच आठवड्यात पूर्ण करावा, कारण प्रबंध सादर करताना तो मागितला जातो.

आता नकाशा. जनुकाचा क्रम एनसीबीआयच्या (जनुकक्रमांच्या सार्वजनिक संग्रहाच्या) संकेतस्थळावरून घ्यावा आणि निवडलेले रिस्ट्रिक्शन एन्झाइम (ठरावीक क्रमावर डीएनए कापणारे), समजा इको-आर-वन आणि हिंड-थ्री, त्या जनुकाला आतून कापत नाहीत ना, हे सर्वप्रथम पाहावे. सहा बेस ओळखणाऱ्या एन्झाइमची जागा सरासरी 4,096 बेसमागे एकदा येते, त्यामुळे 2,000 बेसच्या जनुकात ती आढळण्याची शक्यता दुर्लक्ष करण्याइतकी कमी नाही. जागा आढळल्यास एन्झाइम बदलावे. जनुकाला पकडणाऱ्या भागापुढे एन्झाइमची जागा आणि तिच्याही पुढे पाच-सहा जादा बेस, अशी प्रायमरची (पीसीआरने जनुकाच्या प्रती काढण्यासाठी लागणाऱ्या छोट्या डीएनए तुकड्याची) रचना ठेवावी, कारण डीएनएच्या अगदी टोकाशी असलेली जागा बहुतेक एन्झाइम नीट कापू शकत नाहीत. पीसीआरच्या पहिल्या काही फेऱ्यांत प्रायमर जनुकाला चिकटण्याचे तापमान ठरवताना केवळ जनुकाशी जुळणारा भाग मोजावा. संपूर्ण प्रायमर मोजल्यास तापमान फार वर जाते आणि पीसीआरमध्ये काहीच दिसत नाही. पॉलिमरेज, म्हणजे प्रती बनवणारे एन्झाइम, चुका दुरुस्त करणारे घ्यावे. साध्या टॅक पॉलिमरेजने इतके लांब जनुक वाढवल्यास क्रमात बदल शिरण्याचा धोका राहतो.

कापलेला डीएनए 1 टक्का अगारोजच्या जेलवर चालवून हवा असलेला पट्टा कापून घेताना अतिनील प्रकाशाखाली तो शक्य तितका कमी वेळ ठेवावा, कारण या प्रकाशाने झालेली इजा जेलवर दिसत नाही, परंतु पुढे कॉलन्यांची संख्या घटवते. जोडणीसाठी व्हेक्टर (कापलेले प्लाझ्मिड) आणि इन्सर्ट (कापलेले जनुक) यांचे प्रमाण रेणूंच्या संख्येने 1:3 ठेवावे. व्हेक्टर 50 नॅनोग्रॅम असेल, तर इन्सर्ट 50 × (2,000 ÷ 2,686) × 3, म्हणजे सुमारे 112 नॅनोग्रॅम लागेल. डीएनएची टोके जोडणाऱ्या टी-फोर लायगेज या एन्झाइमच्या बफरमध्ये ऊर्जा पुरवणारे एटीपी असते आणि ते वारंवार गोठवण्या-वितळवण्याने निकामी होते. म्हणून बफर मिळताच छोट्या नळ्यांत वाटून ठेवावे. वीज जाऊन फ्रीझर वितळला असेल, तर त्या नळीवर विसंबू नये.

ट्रान्सफॉर्मेशन, म्हणजे जोडलेले प्लाझ्मिड ई. कोलाय जिवाणूच्या पेशींत घालणे, ठरलेल्या पद्धतीनेच करावे: बर्फावर 30 मिनिटे, 42 अंशांवर 45 सेकंद, पुन्हा बर्फ, मग 37 अंशांवर तासभर वाढ. मात्र त्या दिवशी एकच प्लेट लावू नये. जोडणीच्या प्लेटसोबत पुढील प्लेट लावल्याशिवाय निकालाचा अर्थ लावता येत नाही. न कापलेले पीयूसी19 दिलेल्या पेशींच्या प्लेटवर भरपूर कॉलन्या याव्यात. त्या आल्या नाहीत, तर दोष पेशींमध्ये किंवा प्लेटमध्ये आहे आणि लायगेजला बोल लावण्यात अर्थ नाही. कापलेला व्हेक्टर लायगेजशिवाय दिलेल्या प्लेटवर कॉलन्या दिसल्या, तर काही प्लाझ्मिड न कापलेले राहिले आहेत. तोच व्हेक्टर लायगेजसह पण इन्सर्टशिवाय दिल्यावर कॉलन्या वाढल्या, तर तो एकाच एन्झाइमने कापला गेला आणि स्वतःशीच जोडला गेला, असे समजावे. डीएनए न दिलेल्या पेशी अँपिसिलिन या प्रतिजैविकाच्या प्लेटवर मुळीच वाढता कामा नयेत, कारण त्याला प्रतिकार प्लाझ्मिडमुळेच मिळतो. वाढल्या, तर औषध बहुधा कढत अगारमध्ये मिसळले गेले. अगार सुमारे 50 अंशांपर्यंत निवल्यावरच अँपिसिलिन घालावे. याच पेशी अँपिसिलिन नसलेल्या साध्या एलबी प्लेटवर दाट वाढल्या, म्हणजे त्या जिवंत आहेत याची खात्री होते. जोडणीच्या प्लेटवर आलेल्या कॉलन्यांची संख्या इन्सर्टशिवाय व्हेक्टर आणि लायगेज दिलेल्या प्लेटशी तुलना करूनच वाचावी. दोन्ही सारख्याच असतील, तर कॉलनी उचलण्याआधी व्हेक्टर पुन्हा कापणे शहाणपणाचे.

जून ते सप्टेंबरच्या दमट हवेत प्लेटच्या झाकणावर पाणी साचते, ते अगारवर ओघळले की शेजारच्या कॉलन्या एकमेकींत मिसळतात आणि निळ्या-पांढऱ्याचा भेद (इन्सर्ट नसलेली कॉलनी निळी, असलेली पांढरी दिसते) पुसला जातो. प्लेट लॅमिनारमध्ये (जंतुविरहित हवेच्या कपाटात) झाकण किंचित उघडे ठेवून वाळवाव्यात, पालथ्या ठेवून वाढवाव्यात आणि 16 ते 18 तासांनी बाहेर काढाव्यात. त्याहून अधिक काळ ठेवल्यास खऱ्या कॉलनीभोवती बारीक उपकॉलन्या उगवतात. खरी कॉलनी भोवतालचे अँपिसिलिन नष्ट करते, त्या आडोशाला या वाढतात आणि त्यांच्यात प्लाझ्मिड नसते.

पांढरी कॉलनी म्हणजे यश नव्हे, एवढे लक्षात ठेवावे. कॉलनी पीसीआरमध्ये दोन्ही प्रायमर जनुकाचेच वापरले, तर प्लेटवर पसरलेल्या जोडणीतील इन्सर्टमुळेही पट्टा दिसतो. म्हणून एक प्रायमर व्हेक्टरचा आणि दुसरा जनुकाचा घ्यावा. त्यानंतर प्लाझ्मिड काढून दोन्ही एन्झाइमने कापून पाहावे आणि मगच क्रमनिर्धारणासाठी पाठवावे. नमुना पाण्यात किंवा साध्या ट्रिस बफरमध्ये द्यावा, कारण टीई बफरमधील ईडीटीए त्या अभिक्रियेत अडथळा आणते. शुद्ध प्लाझ्मिड साध्या तापमानातही टिकते, म्हणून ठाण्याहून ट्रान्स-हार्बरच्या लोकलने नवी मुंबईला नेताना घाबरण्याचे कारण नाही. कॉम्पिटंट (डीएनए आत घेण्यास तयार केलेल्या) पेशी मात्र क्षणभर वितळल्या तरी निकामी होऊ लागतात, त्या दुसऱ्या प्रयोगशाळेतून साध्या बर्फावर आणण्यापेक्षा कॅल्शियम क्लोराइडने आपल्याच टेबलावर तयार कराव्यात.

सँगर या क्रमनिर्धारणाच्या पद्धतीत एका वाचनात विश्वासार्ह क्रम सुमारे 700 ते 800 बेसपर्यंत मिळतो. व्हेक्टरच्या दोन्ही बाजूंनी वाचले तरी 2,000 बेसच्या जनुकाच्या मध्यभागी सुमारे 500 बेस न वाचलेले राहतात, त्यामुळे आतला एक प्रायमर पहिल्या मागणीसोबतच मागवावा. क्रम जुळल्यावर त्या कॉलनीचा ग्लिसरॉल साठा उणे 80 अंशांवर दोन नळ्यांत ठेवावा आणि नळीवर प्लाझ्मिडचे नाव, यजमान जिवाणू, तारीख व नोंदवहीचे पान लिहावे. उरलेल्या सर्व प्लेट, पिपेटची टोके आणि वाढीचे माध्यम 121 अंशांवर ऑटोक्लेव्ह केल्याखेरीज कचऱ्यात वा सिंकमध्ये जाऊ देऊ नये.