दवाखान्यांच्या कचऱ्याची भट्टी: बांधणी, चाचणी आणि किरणोत्सर्गी कचऱ्याची वेगळी वाट

मराठवाड्यात दवाखान्यांच्या कचऱ्यासाठी भट्टी उभारू पाहणाऱ्याने पहिली वीट रचण्यापूर्वी एक गोष्ट मनाशी पक्की करावी: आग जंतू मारते, पण किरणोत्सर्ग नष्ट करत नाही. थायरॉइडच्या उपचारात वापरलेल्या आयोडीन-१३१ ने भिजलेला कापूस भट्टीत गेला, तर कापूस जळतो, पण आयोडीनची वाफ होऊन ते धुराबरोबर बाहेर पडते. कोबाल्टसारखा धातू असेल, तर तो राखेत साचून उलट अधिक दाट होतो. म्हणूनच २०१६ चे जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम किरणोत्सर्गी कचऱ्याला लागू होत नाहीत. तो १९६२ च्या अणुऊर्जा कायद्याच्या कक्षेत येतो आणि त्याच्या विल्हेवाटीची परवानगी अणुऊर्जा नियामक मंडळाकडूनच घ्यावी लागते.

माझ्या मते त्यामुळे भट्टीचा सर्वांत महत्त्वाचा भाग तिचे फाटक आहे. तेथे सर्व्हे मीटर, म्हणजे किरणोत्सर्ग मोजणारा मीटर, ठेवावा, रोज सकाळी गाडी येण्यापूर्वी मोकळ्या जागेतील किरणोत्सर्गाची नैसर्गिक पातळी नोंदवावी आणि मग प्रत्येक पिशवीजवळ मीटर सावकाश फिरवावा. दख्खनच्या काळ्या पाषाणात युरेनियम व थोरियमचे प्रमाण कमी असल्याने आपल्याकडे ही पातळी मुळातच कमी असते, त्यामुळे थोडी वाढही लक्षात येते. आकडा दुप्पट दिसला, तर पिशवी न उघडता वेगळ्या बंद खोलीत ठेवावी आणि ती पाठवणाऱ्या रुग्णालयाच्या किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकाऱ्याला कळवावे. अशा पिशवीत बहुधा उपचार घेऊन गेलेल्या रुग्णाचे डायपर किंवा कपडे असतात, पण बहुधा या शब्दावर काम चालवू नये.

रुग्णालयाने असा कचरा शिसे लावलेल्या पेटीत साठवून ठेवायचा असतो. किरणोत्सर्ग निम्मा व्हायला लागणारा काळ म्हणजे अर्धायुष्य; अशी दहा अर्धायुष्ये उलटली की किरणोत्सर्ग सुमारे हजाराव्या हिश्श्यावर येतो. टेक्नेशियम-९९एमचे अर्धायुष्य ६ तासांचे असल्याने त्याला अडीच दिवस पुरतात, तर ८ दिवस अर्धायुष्य असलेल्या आयोडीन-१३१ ला ८० दिवस लागतात. त्यानंतरही मीटरने तपासूनच तो कचरा नेहमीच्या वाटेने सोडावा.

जागा निवडताना काळ्या मातीचा विचार आधी करावा. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर ३० मीटर उंचीचे धुराडे उभे राहू शकत नाही, म्हणून पाया खालच्या घट्ट मुरुमापर्यंत किंवा खडकापर्यंत न्यावा. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप ज्या भागाने सोसला, तेथे धुराड्याची रचना भूकंपाचा भार धरूनच करावी. धूर धुण्यासाठी लागणाऱ्या पाण्याची सोयही आधीच पाहावी. २०१६ मध्ये लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले होते, हे विसरता येणार नाही.

भट्टीला दोन कक्ष असतात. पहिल्यात किमान ८०० आणि दुसऱ्यात १०५० अंश सेल्सिअस तापमान, दुसऱ्यात ५० अंश कमी-जास्त होण्याची सूट, आणि दुसऱ्या कक्षात वायू किमान २ सेकंद राहिला पाहिजे. तापमान गाठेपर्यंत कचरा टाकण्याचे दार उघडणार नाही, अशी कुलूपव्यवस्था बसवावी. बाहेर पडणारा वायू झपाट्याने थंड करावा, कारण साधारण २०० ते ४५० अंशांमध्ये रेंगाळल्यास त्यात डायॉक्सिन ही विषारी संयुगे तयार होतात.

अस्तराच्या विटा सुकवण्याची घाई कोणीही करू नये. ओल अडकून राहिली तर वाफेने अस्तर फुटते. तापमान उत्पादकाच्या वेळापत्रकानुसारच टप्प्याटप्प्याने वाढवावे. त्यानंतर कचऱ्याविना भट्टी चालवून तापमापक, पंखे आणि आतील ऋण दाब तपासावेत, मगच कचरा टाकून चाचणी घ्यावी. ज्वलनक्षमता किमान ९९ टक्के, धूलिकण प्रतिघनमीटर ५० मिलिग्रॅमच्या आत आणि डायॉक्सिन व फ्युरान ०.१ नॅनोग्रॅमच्या आत असावेत. राख वजन करून प्रयोगशाळेच्या भट्टीत तापवली असता तिच्या वजनातील घट ५ टक्क्यांपेक्षा कमी हवी. जास्त आली तर कचरा नीट जळलेला नाही. राखेच्या प्रत्येक पोत्यावरही फाटकावरचाच सर्व्हे मीटर फिरवून आकडा नोंदवहीत लिहावा आणि तो नैसर्गिक पातळीइतका असल्याखेरीज पोते आवाराबाहेर जाऊ देऊ नये.