अमेरिकेतल्या खेड्यात सवलतीचा फोन : ‘लाइफलाइन’चा अर्ज भरताना या चुका टाळा

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही पश्चिम व्हर्जिनियातल्या एका डोंगराळ गावात राहतो. तो डॉक्टर आहे. अमेरिकेच्या अशा आडगावांतल्या दवाखान्यांत भारतीय डॉक्टर पुष्कळ भेटतात. मी दर बुधवारी गावच्या सार्वजनिक वाचनालयात बसून लोकांना सरकारी अर्ज भरायला मदत करते. त्यात ‘लाइफलाइन’चे अर्ज बरेच असतात आणि ते नाकारले जाताना मी पुन्हा पुन्हा पाहिले आहेत. नाकारले गेलेले लोक बहुतेक वेळा खरेच पात्र असतात. घर जसं आहे तसं कागदावर उतरत नाही, एवढंच कारण असतं. गावाकडे रेशनकार्डावर एक नाव आणि आधारवर दुसरं निघालं की काय होतं, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना हे लगेच कळेल.

आधी योजना थोडक्यात सांगते. लाइफलाइन १९८५ मध्ये सुरू झाली. गरीब घरातही फोन असावा, दवाखान्याला किंवा ९११ ला (इथला आणीबाणीचा क्रमांक) फोन लावता यावा, हा तिचा हेतू. पुढे मोबाइल आणि २०१६ पासून इंटरनेटही त्यात आलं. सवलत महिन्याला जास्तीत जास्त ९.२५ डॉलर, आणि आदिवासी जमातींच्या राखीव प्रदेशात राहणाऱ्यांना ३४.२५ डॉलरपर्यंत. नुसता बोलण्याचा फोन घेतला तर सवलत ५.२५ डॉलर. हे पैसे तुमच्या हातात येत नाहीत, कंपनीच्या बिलातून वजा होतात. बऱ्याच मोबाइल कंपन्या तेवढ्याच पैशात फुकट योजना देतात, त्यामुळे ग्राहकाला काही भरावं लागत नाही.

पात्र व्हायचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे घरातल्या कुणाला स्नॅप (अन्नमदत), मेडिकेड (गरिबांचा सरकारी आरोग्यविमा), एसएसआय (गरीब वृद्ध-अपंगांना दरमहा मदत), सरकारी घरभाड्याची मदत किंवा माजी सैनिकांची पेन्शन मिळत असणं. दुसरा म्हणजे उत्पन्न. ते सरकारी दारिद्र्यरेषेच्या १३५ टक्क्यांच्या आत हवं. २०२५ च्या आकड्यांनी एकट्या माणसासाठी ही मर्यादा वर्षाला सुमारे २१,१२८ डॉलर आणि चौघांच्या घराला सुमारे ४३,४०३ डॉलर होते. अलास्का आणि हवाईला ती जास्त आहे. आकडे दरवर्षी बदलतात, म्हणून मागच्या वर्षी नाही म्हणाले तरी यंदा पुन्हा बघा. उत्पन्न कर कापण्याआधीचं धरतात. हातात येणारा पगार लिहिला आणि पगाराच्या पावतीवर वेगळा आकडा निघाला, की कागद परत येतो.

घर म्हणजे कोण कोण?

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, आणि आपल्या लोकांचा तर हमखास. लाइफलाइन माणसाला मिळत नाही, घराला मिळते. एका घराला एकच. घर म्हणजे एकाच छपराखाली राहणारी आणि मिळकत-खर्च एकत्र करणारी माणसं. ग्रीनकार्डावर आलेले आई-बाबा मुलाकडे राहतात, जेवण एकत्र, भाडं मुलगा भरतो. अशा वेळी आई-बाबांचं स्वतःचं उत्पन्न शून्य असलं तरी घराचं उत्पन्न म्हणून मुलाचा आणि सुनेचा पगार धरायचा. ‘आम्हाला काहीच मिळकत नाही’ असं लिहून केलेला अर्ज खोटा ठरतो, आणि अर्जाच्या तळाशी खरं सांगितल्याची शपथ असते. या बाबतीत कुणाचंही ऐकून पळवाट काढू नका.

उलटी चूकही होते. एकाच पत्त्यावर दोन खरोखर वेगळी घरं असतात. खालच्या मजल्यावर एक कुटुंब, वर भाडेकरू, किंवा शेतावरच्या घरामागे ट्रेलरमध्ये (चाकांवरच्या घरात) राहणारी म्हातारी बहीण. दोघांचा पैसा वेगळा, चूल वेगळी. तरी ‘या पत्त्यावर आधीच सवलत चालू आहे’ असं उत्तर येतं आणि लोक घाबरून सोडून देतात. सोडू नका. याच कारणासाठी ‘हाउसहोल्ड वर्कशीट’ नावाचा वेगळा कागद आहे. तुमच्यासोबत दुसरं कोण प्रौढ राहतं, त्याला सवलत आहे का, पैसा एकत्र की वेगळा, एवढेच प्रश्न त्यात असतात. तो भरून दिला की दुसऱ्या घराला हक्काने सवलत मिळते.

एका आजींचा अर्ज असाच अडला होता. नवऱ्याला जाऊन दीड वर्ष झालं होतं, पण घरातल्या जुन्या तारेच्या फोनवर नवऱ्याच्याच नावाने लाइफलाइन चालू होती. आजींना मोबाइल हवा होता, आणि अर्ज म्हणत होता की या घराला आधीच मिळते आहे. त्या म्हणाल्या, ‘तो फोन तसाच राहू दे, त्याच्या आवाजातला निरोप आहे त्यावर.’ आम्ही आधी तो निरोप वाचनालयाच्या टेपवर उतरवून घेतला, मग कंपनीला फोन करून जुनी सवलत बंद केली. तुमच्याकडे कुणी गेलं असेल, कुणी घर सोडलं असेल, तर आधी जुनी नोंद तपासा.

पत्ता

शहरातल्या माणसाला ही अडचण कळायची नाही. खेड्यात कित्येकांच्या दाराशी टपाल येत नाही, पोस्टात पेटी असते. लोक सवयीने पेटीचा क्रमांकच घराचा पत्ता म्हणून लिहितात आणि अर्ज अडकतो. अर्जात राहण्याचा पत्ता वेगळा आणि टपालाचा वेगळा विचारलेला असतो. राहण्याच्या जागी पेटीचा क्रमांक कधीही लिहू नका, तो टपालाच्या रकान्यात लिहा.

जुने ‘रूरल रूट’चे पत्तेही (रस्त्याऐवजी टपालाच्या फेरीचा क्रमांक असलेले) असाच त्रास देतात. काउंटीच्या (आपल्या जिल्ह्यासारखी) ९११ पत्ता-नोंदणी कार्यालयाला विचारलं तर घराचा अधिकृत क्रमांक आणि रस्त्याचं नाव मिळतं. रुग्णवाहिकेला घर सापडावं म्हणून ते दिलेलं असतं. त्यावरही संगणकाला पत्ता सापडला नाही, तर अर्जातल्या नकाशावर घराच्या जागी खूण करता येते. तिथे आळस करू नका. मुख्य रस्त्यावर खूण करून लोक मोकळे होतात. नकाशा मोठा करून अगदी छपरावर खूण ठेवा.

नाव

नाव सोशल सिक्युरिटी कार्डावर (इथलं आधारसारखं क्रमांकाचं सरकारी कार्ड) आहे तसंच लिहा. घरातलं लाडाचं नाव नको, आणि ‘मिसेस अमुक’ असंही नको. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं असतं. लग्नानंतर पूर्ण नाव बदललेलं असतं, पासपोर्टवर एक आणि कार्डावर दुसरं. शिवाय काहींची आडनावं कार्डावर पहिल्या नावाच्या जागी बसलेली असतात. तुम्हाला बरोबर वाटणारं नाव नव्हे, कार्डावरचं नाव चालतं. कार्डच चुकलं असेल तर आधी ते दुरुस्त करून घ्या. अर्जात कार्डाचे शेवटचे चारच अंक मागतात. कुणी फोनवर पूर्ण क्रमांक मागितला तर फोन ठेवून द्या.

कागद

स्नॅपचं ईबीटी कार्ड (ज्यावर मदतीचे पैसे जमा होतात ते) लोक फोटो काढून जोडतात. ते पुरत नाही. कागदावर तुमचं नाव, योजनेचं नाव, ती देणाऱ्या खात्याचं नाव आणि गेल्या बारा महिन्यांतली तारीख किंवा अजून न संपलेली मुदत हवी. म्हणजे खात्याकडून आलेलं मंजुरीचं पत्र. उत्पन्न दाखवायचं असेल तर मागच्या वर्षाचं कर-विवरण, किंवा सलग तीन महिन्यांच्या पगाराच्या पावत्या. सलग म्हणजे सलगच, मधला एक आठवडा नसला तरी परत पाठवतात. फोटो काढताना चारही कोपरे आत घ्या. इंटरनेट नसेल तर छापील अर्ज टपालाने पाठवता येतो. त्यात कागदांच्या प्रती घाला, मूळ कागद कधीच पाठवू नका.

अर्ज लाइफलाइनसपोर्ट डॉट ऑर्ग या सरकारमान्य संकेतस्थळावर फुकट भरता येतो. टेक्सास, ओरेगनसारख्या राज्यांची पद्धत वेगळी राहिली आहे, तेव्हा आधी तुमच्या राज्याचं पाहा. पार्किंगमध्ये तंबू टाकून ‘फुकट फोन’ वाटणाऱ्यांकडे अर्ज करायला हरकत नाही, पण ती कंपनी खरोखर मान्यताप्राप्त आहे का, हे त्याच संकेतस्थळावर बघून घ्या. अर्जासाठी पैसे मागितले तर निघून या. फोनचं यंत्र या योजनेत येतही नाही, कंपनीने दिलं तर ते तिच्या मर्जीचं.

अजून एक गैरसमज. करोनाच्या काळानंतर महिन्याला ३० डॉलरची ‘एसीपी’ नावाची इंटरनेटची सवलत होती. तिचे नवे अर्ज ७ फेब्रुवारी २०२४ ला थांबले आणि योजना १ जून २०२४ ला संपली. अजूनही लोक तिच्यासाठी येतात, आणि तिच्या नावाने फसवणारेही फिरतात.

मंजुरीनंतर

‘तुम्ही पात्र आहात’ हे पत्र आलं की काम झालं असं समजून बसलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यानंतर ९० दिवसांच्या आत स्वतः कंपनी निवडून तिच्याकडे नाव घालावं लागतं. ते केलं नाही तर पुन्हा पहिल्यापासून अर्ज.

कंपनी निवडताना जाहिरात बघू नका. त्या कंपनीचा मोबाइल असलेल्या शेजाऱ्याला घरी बोलवा आणि अंगणात, स्वयंपाकघरात, गोठ्यात रेंज येते का ते पाहा. आमच्या राज्यात ग्रीन बँकच्या रेडिओ दुर्बिणींसाठी १९५८ पासून मोठा ‘शांत टापू’, म्हणजे रेडिओ लहरींवर बंधनं असलेला प्रदेश, राखलेला आहे. तिथे आणि डोंगरांच्या घळीत मोबाइलचा भरवसा नाही. अशा ठिकाणी गावच्या टेलिफोन कंपनीचा तारेचा फोन घेऊन त्यावर सवलत लावणं शहाणपणाचं. ९.२५ डॉलरचा फुकट मोबाइल हातात असून हार्ट अटॅकच्या वेळी त्यावरून फोनच लागणार नसेल, तर तो काय कामाचा?

दरवर्षी पात्रता पुन्हा तपासतात. कधी ते आपोआप होतं, कधी पत्र येतं आणि उत्तराला ६० दिवस मिळतात. ते पत्र जाहिरात समजून फेकलं जातं आणि फोन बंद पडल्यावर लोक माझ्याकडे येतात. पेटी दर आठवड्याला उघडा. घर बदललं, किंवा सुदैवाने उत्पन्न वाढून पात्रता गेली, तर ३० दिवसांत कंपनीला कळवा.

फुकटच्या योजनेत आणखी एक अट आहे, आणि ती म्हाताऱ्या माणसांना फार नडते. ३० दिवसांत फोन एकदाही वापरला नाही तर कंपनी नोटीस देते, आणि पुढच्या १५ दिवसांतही वापर झाला नाही तर सवलत काढून घेते. ‘अडीअडचणीला असू दे’ म्हणून फोन ड्रॉवरमध्ये ठेवणारा नेमका अडचणीच्या दिवशी बंद फोन काढतो. एक फोन लावणं, एक संदेश पाठवणं, एवढंही पुरतं. गावातल्या ज्या सहा-सात आजी-आजोबांचे अर्ज मी भरले, त्यांना सांगून ठेवलंय की महिन्याच्या पहिल्या रविवारी मला फोन करायचा. त्या दिवशी मी स्वयंपाक सकाळीच उरकून ठेवते.