गणित सोडण्याआधी अभ्यासक्रम उघडून बघा

शाळेत विषय निवडतानाच कॉलेजची अर्धी वाट ठरून जाते. त्यामुळे आखणी उलट्या दिशेनं, म्हणजे पदवीपासून मागे शाळेकडे येत करा. आवडणाऱ्या दोन-तीन पदव्यांचे अभ्यासक्रम कॉलेजांच्या वेबसाइटवरून उतरवून घ्या आणि पहिल्या वर्षाचे विषय, प्रवेशाच्या अटी नीट वाचा. (माहितीपत्रकातले हसरे फोटो सोडून द्या!) मानसशास्त्राला संख्याशास्त्र लागतं, अर्थशास्त्राला अनेक ठिकाणी कॅल्क्युलस (गणिताची एक शाखा) लागतं, पण बऱ्याच जणांना ही गोष्ट गणित विषय सोडल्यावरच कळते. वास्तुकलेतही नुसती चित्रकला पुरत नाही. मग एका कागदावर प्रत्येक कॉलेजची अट, परीक्षा, अर्जाची शेवटची तारीख, शुल्क लिहा. शिष्यवृत्तीची मुदत बरेचदा वेगळी असते, कधीकधी अर्जाच्याही आधीची, म्हणून तिला स्वतंत्र रकाना. दर सहामाहीला कागद पुन्हा तपासा, अटी बदलतात.