देवदार-चीरच्या रोपांना ऊन किती, नत्र किती

रोप पिवळं दिसलं की 'युरिया टाका' असं सांगणारे प्रत्येक रोपवाटिकेत भेटतात. त्यांचं ऐकू नका. सुया (म्हणजे या झाडांची पानं) पिवळ्या पडायला नत्र (नायट्रोजन) कमी हे एक कारण झालं. फाजील ऊन आणि न मिळणारं लोह ही आणखी दोन, आणि त्या दोन्हींवर युरिया वाया जातो. खालची पद्धत हिमाचल-उत्तराखंडात १,५०० ते २,००० मीटर उंचीवर देवदार आणि चीर पाइनची रोपं रूट ट्रेनरमध्ये (खोल कप्प्यांचा प्लास्टिकचा ट्रे) वाढवणाऱ्यांसाठी आहे.

माध्यम: २५० सीसीचे कप्पे, धुतलेलं कोकोपीट, थोडा परलाइट (हलके, पांढरे खनिज दाणे) आणि दहावा हिस्सा चीर-देवदाराखालची जंगलातली माती. मुळांना लागणारी मायकोरायझा बुरशी या मातीतून येते. सामू (पीएच, म्हणजे आम्लपणाचं माप) ५ ते ५.५ ठेवा. कंपोस्ट घालू नका, त्यातल्या नत्राचा हिशेब लागत नाही.

पेरणी फेब्रुवारी-मार्चमध्ये. देवदाराचं बी तेलकट असल्यामुळे लवकर मरतं, ताजंच घ्या.

आधी ऊन ठरवा

नत्राचा मोठा वाटा सुईत प्रकाशसंश्लेषणाच्या यंत्रणेतच असतो: हवेतला कार्बन पकडणारं रुबिस्को हे प्रथिन आणि हरितद्रव्याला धरून ठेवणारी प्रथिनं. भरपूर उजेडात नत्र वाढवलं की प्रकाशसंश्लेषण वाढतं. सावलीत अडचण उजेडाची असते, रुबिस्कोची नव्हे. तिथे जादा नत्र म्हणजे दळण नसताना गिरणीवर माणसं वाढवणं. श्वसनाचा खर्च मात्र चालूच. अशी रोपं गडद हिरवी, उंच, लुसलुशीत आणि मुळांनी कंगाल होतात. पाहणारा खूश होतो आणि लावणीनंतर ती मरतात. उलट कडक उन्हात नत्र तोकडं असेल, तर पकडलेला उजेड वापरता येत नाही, सुईतली यंत्रणा बिघडते आणि रोप फिकट पिवळं पडतं.

कोवळ्या देवदारावर पहिले सहा आठवडे ५० टक्के शेडनेट, मग ३० टक्के, शेवटी उघडं. चीरला उघडं आवडतं. उगवणीपुरती हलकी सावली पुरे. नेट काळं घ्या. हिरव्या नेटने उजेडाची मात्रा कमी होतेच, शिवाय रंगांचं प्रमाणही बिघडतं. सावलीत तयार झालेली सुई नंतर उन्हाची होत नाही, उन्हाच्या सुया नव्यानेच याव्या लागतात. म्हणून नेट एका दिवसात काढू नका: आधी सकाळ-संध्याकाळ, मग ढगाळ दिवस, आणि दोन आठवड्यांनी दुपार.

मोबाइलचं लक्समीटर (उजेड मोजणारं अॅप; माप लक्स) अंदाजाला चालतं. निरभ्र दुपारी सुमारे एक लाख लक्स असतात. एकट्या सुईला त्याच्या निम्म्याहून कमी पुरतं, पण दाट ट्रेमध्ये सुया एकमेकींवर सावली धरतात, म्हणून ट्रेला जास्त लागतं. खिडकीत हजार-दोन हजार लक्स मिळत असतील तर रोप फक्त जगेल.

नत्राचा चढता हप्ता

इथेच बहुतेकांचं गाडं अडतं. दर आठवड्याला तेवढाच डोस दिला, तर सुरुवातीला इवल्या रोपाला क्षारांनी चटका बसतो आणि शेवटी मोठं रोप उपाशी राहतं. रोप जसं वाढतं तसाच हप्ता वाढवायचा. स्वीडनच्या टॉर्स्टन इंगेस्टाड यांनी १९७०च्या दशकात मांडलेला हा विचार आजही सगळ्यात भरवशाचा आहे.

बियाची टोपी गळून खऱ्या सुया दिसल्या की सुरू करा. पहिल्या आठवड्यात रोपामागे ०.५ मिलीग्रॅम नत्र, मग दर आठवड्याला २० टक्के वाढ. आठव्या आठवड्यात हप्ता १.८ मिलीग्रॅम होतो, पंधराव्यात ६.४, एकूण ३६ मिलीग्रॅमच्या आसपास.

एवढंसं खत स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलण्याच्या फंदात पडू नका. १९:१९:१९ विद्राव्य खत (नत्र, स्फुरद, पालाश प्रत्येकी १९ टक्के) ५३ ग्रॅम घेऊन पाणी घालून एक लिटर करा. १ मिलीत १० मिलीग्रॅम नत्र येतं. शंभर रोपांसाठी पहिल्या आठवड्यात ५ मिली, आठव्यात १८, पंधराव्यात ६४ मिली, दर वेळी चार लिटर पाण्यात. म्हणजे रोपामागे ४० मिली द्रावण. नंतर साध्या पाण्याचा हलका फवारा मारून सुया धुवा. या द्रावणात कॅल्शियम नायट्रेट मिसळलं तर तळाशी पांढरा साका बसतो. ते वेगळ्या दिवशी द्या. निव्वळ नायट्रेटवर रोपं वाढवूही नका, बहुतेक सूचिपर्णींची मुळं अमोनियम जास्त सहज उचलतात.

आता खरी गोची. मोठे हप्ते नेमके जुलै-ऑगस्टमध्ये येतात, तेव्हा डोक्यावर ढग असतात आणि पाऊस नत्र धुऊन नेतो. लोक घाबरून डोस दुप्पट करतात. तसं करू नका. आठवडा सलग ढगाळ गेला तर २० टक्क्यांची वाढ गाळा आणि मागचाच हप्ता द्या. कप्प्यातून पाणी वाहून गेलं असेल तर जादा अर्धा हप्ता द्या, पूर्ण नाही. या दिवसांत शेडनेट अजिबात नको; पाऊस अडवायचा तर पारदर्शक प्लास्टिक, बाजू उघड्या ठेवून.

पिवळेपणा कुठल्या सुयांवर आहे ते पाहा. जुन्या, खालच्या सुया आधी फिकटल्या तर नत्र कमी; रोप ते जुन्या सुयांतून काढून शेंड्याला देतं. शेंडा पिवळा आणि खाली हिरवं असेल तर लोह मिळत नाहीये, बहुधा पाणी जड असल्याने सामू चढलाय. सामू उतरवा, चिलेटेड लोह (मुळांना सहज उचलता येईल अशा रूपातलं) द्या. उन्हाकडची बाजूच तेवढी फिकटली तर नेट घाईने काढलंय. शंका राहिली तर वाळवलेल्या सुया प्रयोगशाळेत द्या: १.५ ते २.५ टक्के नत्र ठीक, त्याहून वर गेलं तर प्रकाशसंश्लेषणाला फारसा फायदा नाही.

रोपाची उंची सेंटिमीटरमध्ये आणि बुंध्याची जाडी मिलिमीटरमध्ये मोजा. उंचीला जाडीने भागून आलेला आकडा ६च्या वर गेला तर उजेड कमी किंवा नत्र जास्त. आधी उजेड वाढवा.

सप्टेंबरपासून हप्ता शेवटच्या डोसाच्या चौथाईवर आणा आणि पूर्ण ऊन द्या. उशिरापर्यंत भरघोस नत्र दिलं तर शेंडा कोवळा राहतो आणि पहिल्या दहिवराला काळवंडतो. पूर्ण बंदही करू नका. शरद ऋतूत सुया काम करतच असतात आणि ती साखर मुळांत साठते.