जुनी स्विफ्ट मातीवर पळवायचीय? स्प्रिंग कापू नका
जुनी स्विफ्ट घेऊन ऑटोक्रॉसला (मातीच्या मैदानातल्या वळणदार ट्रॅकवर वेळ लावून गाडी पळवायच्या स्पर्धेला) उतरायचं असेल तर आधी गाडी खाली बसवायला ग्राइंडरने सस्पेन्शनची स्प्रिंग कापायचा विचार डोक्यातून काढा, मातीवर गाडी खाली नाही उलट थोडी वर लागते आणि कापलेली स्प्रिंग चाक हवेत लोंबकळलं की जागेवरून सरकू शकते, जिवाशी खेळ आहे तो. पैसे लोअर आर्मच्या (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याच्या) बुशवर, म्हणजे सांध्यातल्या रबरावर, आणि स्ट्रट माउंटवर (शॉकअप वर बॉडीला जिथे बसतो त्या रबरी बैठकीवर) घाला. पहारीने आर्म हलवून बघा, रबर चिरलेलं दिसलं किंवा खटखट आली तर बदलाच. शॉकअपवर तेलकट थर धूळ धरून बसला असेल तर शॉकअप गेलाय, बदलताना जोडीनेच बदला.

पुढची चाकं ओढणारी गाडी वळणात बाहेर पळते, त्यावर जवळपास फुकटातला उपाय म्हणजे मागच्या टायरमध्ये पुढच्यापेक्षा ३-४ पीएसआय हवा जास्त ठेवा आणि पुढे एकूण २-३ मिमी टो-आउट द्या (म्हणजे दोन्ही चाकांची तोंडं पुढून किंचित बाहेर वळवा). दोरी ताणून घरीच मोजता येतं, फक्त टाय रॉड (स्टिअरिंगपासून चाकाला जाणारा दांडा) दोन्हीकडे सारखाच फिरवा आणि त्याला जागेवर धरणारा चेक नट नीट आवळा. रस्त्यावर काढायच्या आधी टो परत जाग्यावर आणा, नाहीतर हायवेला गाडी भटकते आणि टायर आतल्या बाजूने खाल्ले जातात.